मालक नसलेली मीटिंग

नात कूलरला चिकटली होती. एक हात पत्र्यावर, दुसऱ्या हातात पाण्याची नळी, तोंड उघडं आणि तोंडातून आवाज नाही. नळीचं पाणी फरशीवर पसरत होतं. टेबलावरच्या स्क्रीनवर चौकोनाचौकोनांत बसलेली माणसं हे सगळं बघत होती. एक बाई इंग्रजीत किंचाळत होती, एक माणूस खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. एका चौकोनात मातीच्या सुरईचं चित्र होतं, ते आपलं तसंच होतं. चित्राला काय कळणार.

मी दिवाणावर गवार मोडत बसले होते. पाय खाली सोडणार तेवढ्यात फरशीवरचं पाणी दिसलं आणि पाय परत वर घेतले. काठी हातात आली होती, पण ती ॲल्युमिनियमची. फेकून दिली. मेन स्विच जिन्याखाली आहे. माझ्या गुडघ्यांनी तिथं पोचेपर्यंत पोरगी उरली नसती. दिवाणामागच्या भिंतीत सॉकेट होतं, त्यातून एक वायर निघून खाली बोर्डाला गेली होती, आणि कूलर, नातीचं मशीन, स्क्रीन, इंटरनेटचा डबा सगळं त्या एका बोर्डावर. मी वायर दोन्ही हातांनी धरली, भिंतीला पाय लावला आणि ओढली. पिन निघाली. कूलर थांबला, स्क्रीन काळी झाली, नात खाली पडली. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज मला नीट ऐकू आला.

ती कूलरला का चिकटली हे सांगायचं तर आधी ती मीटिंग सांगावी लागेल.

माझा मुलगा शेंद्र्याला कारखान्यात जातो, सून अंगणवाडीत मदतनीस आहे. दिवसभर घरात आम्ही दोघी, मी आणि नात. नात कापडावरच्या नक्ष्या काढते. हातानं नाही, मशीनवर. वेलबुट्टी, कोयरी, काठ, पदर. तिच्यासारखे नक्षी काढणारे पुष्कळ आहेत, कुणी इथले, कुणी समुद्रापलीकडचे. त्यांची एक मंडळी आहे. एकमेकांची नक्षी बघायची, चूक काढायची, मग मत द्यायचं. मत मिळालं की ती नक्षी सगळ्यांच्या सामाईक साठ्यात जाते आणि कुणी काढली ते तिथं कायमचं लिहिलं जातं.

"कायमचं म्हणजे? कुणी पुसलं तर?" मी विचारलं.

"पुसताच येत नाय आजी. प्रत्येकाच्या मशीनमधी तेच लिहिलेलं असतं. एकाचं जळलं तरी बाकीच्यांकडं आहे. त्यालाच ब्लॉकचेन म्हणतात."

मला हे लगेच कळलं. आमच्या वस्तीत नळावर एखादी गोष्ट बोलली गेली की ती अशीच राहते. प्रत्येक घरात तिची एक प्रत असते. बोलणारी मेली तरी गोष्ट मरत नाही. फरक एवढाच की नळावरच्या गोष्टीला घरोघरी शेपूट फुटतं आणि यांच्या गोष्टीला फुटत नाही म्हणे. असेल.

मीटिंग मात्र लवकर कळली नाही. टेबलाखाली एक काळं मशीन आहे, ते कायम घुरघुरत असतं. ते बंद करायचं नाही अशी तिची ताकीद. फ्रिज चोवीस तास चालू ठेवतात, का ते मला ठाऊक आहे. हे कशाला?

"याच्यावरून दुसऱ्यांचं बोलणं पुढं जातं."

"कुणाचं?"

"कुणाचंही. आत्ता कुणी बोलत असलं तर त्यांचं."

मी खाली वाकून मशीनला कान लावला. नात पोट धरून हसली. "आजी, ते कुलूप लावून जातं. मलासुद्धा ऐकू येत नाय."

आपल्या घरातून लोकांचं बोलणं जातं आणि आपल्याला ऐकू येत नाही, हे मला विचित्र वाटलं. मी विचारत राहिले. नेहमीच्या मीटिंगा असतात त्यांत मधे एक कंपनी बसलेली असते. सगळ्यांची चित्रं आधी कंपनीकडं जातात, तिथून सगळ्यांना वाटली जातात. कंपनीनं ठरवलं तर दार बंद. यांच्या मीटिंगला मधे कुणी नाही. याचं चित्र त्याच्या मशीनवरून, त्याचं तिच्या मशीनवरून, असं हातोहात जातं. हे कळायला मला वेळ लागला, कळलं ते स्लॅबवरून. मी उभी हयात बांधकामावर काढली. स्लॅबच्या दिवशी बायांची रांग लागते आणि घमेलं या हातातून त्या हातात वर जातं. मधली एखादी बाई लेकराला पाजायला गेली तर बाकीच्या सरकतात, रांग जुळते, घमेलं थांबत नाही. मी हे सांगितलं तेव्हा नात म्हणाली, "बरोबर. फक्त आमच्याकडं मुकादम नाय."

मुकादम नाही, हे मला खरं वाटेना. मी विहारातल्या महिला मंडळात बरीच वर्षं बसले आहे. तिथं अध्यक्ष आहे, सचिव आहे, आणि तरी ज्या बाईला बोलायची हौस आहे तिला कुणी खाली बसवू शकत नाही. मग इथं कोण बसवतं? मी बघायला लागले. दुपारी मीटिंग असली की मी भाजी घेऊन दिवाणावर बसायची. कळायचं थोडंच, बोलणं इंग्रजीत नाहीतर हिंदीत. पण माणसं कळतात. एक टकला माणूस फार बोलायचा. त्याला कुणी गप्प बसवत नव्हतं, बाकीचे एकेक करून चौकोनातून निघून जायचे. मग तो थांबायचा. विहारात हे करून बघायला हवं.

एकदा मत घेत होते, मीपण हात वर केला. नक्षी चांगली होती. माझा हात कुणी मोजला नाही.

"तुझ्याकडं चावी नाय आजी. चावी म्हणजे ज्याचा त्याचा गुप्त आकडा, तो असला तरच मत."

"हात दिसतोय की त्यान्ला."

"दिसून उपयोग नाय."

मला राग आला. वर केलेला हात तो हात. पण त्या मंडळींचा कायदा तसा होता.

दुसरा कायदा त्याहून अवघड होता. तिथं कुणी आपलं नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. कुणी मांजर, कुणी केळीचं पान, कुणी सुरई. नात स्वतः टिटवी. काही जण तोंडसुद्धा दाखवत नाहीत, चित्र लावून बसतात. मी विचारलं की हा काय चोरबाजार आहे का. नात म्हणाली, "नाव कळलं की गाव विचारतात, गाव कळलं की जात काढतात. मग नक्षी कोण बघतं?"

हे मला पटलं. करमाडकडं लहानपणी मला चौथीपर्यंत शाळेत बसवलं, ते कुठं बसवलं हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या बाजूनं मला हेही वाटायचं की बिननावाच्या माणसाला हाक कशी मारायची?

मी स्वतः तो कायदा मोडला. एका मीटिंगच्या सुरुवातीला नात पाणी प्यायला उठली आणि मांजरवाल्या बाईनं मला हिंदीत विचारलं, तुम्ही कोण? मी सवयीनं जयभीम घातला आणि सांगितलं, मी हिची आजी, संभाजीनगर, पाण्याच्या मोठ्या टाकीजवळ, विहाराच्या मागची गल्ली, निळं गेट, कधी आलात तर या. कुणी विचारलं की तू कोण, की आपण एवढं सांगतोच. अर्धं सांगून थांबायची सवय मला नाही. नात पळत आली आणि आवाज बंद केला. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. "सगळ्या जगाला पत्ता देऊन बसलीस," म्हणाली. मी म्हटलं, "जग येतंय कशाला आपल्या गल्लीत? महापालिकेचा माणूस येत नाय."

त्या मंडळीत नातीचं सगळ्यांत वाकडं होतं ते सुरईशी. सुरई कधी बोलायची नाही, तोंड दाखवायची नाही, फक्त लिहायची. आणि लिहायची ते नातीच्या नक्षीत खोट काढायला. काठ जड झाला, पानं मेल्यासारखी दिसतात, असं. नातीचा होरा होता की हा कुणीतरी दिल्लीकडचा बुवा आहे, शिकलेला आणि कुजका. त्या दिवशी नातीच्या कोयरीच्या काठावर मत होतं. पोरीनं महिनाभर त्याच्यावर डोळे फोडले होते. सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं.

मीटिंग सुरू झाली आणि गल्लीत ओरडा झाला, पाणी आलं.

आमच्याकडं पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो. आलं की माणूस ताटावरून उठतं, बाळंतीणसुद्धा उठते. सगळ्या घरांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि गल्लीत दुसरा आवाज ऐकू येत नाही. नात उठली, नळी लावली, ड्रम भरायला टाकले. मधेमधे येऊन स्क्रीनवर बोलून जायची. उन्हाळा कडक होता, कूलरमधलं पाणी संपून तो नुसती गरम हवा फेकत होता, आणि मशीन तापून घुरघुरायचं सोडून ओरडायला लागलं होतं. तिनं नळी घरात ओढली, कूलरमध्ये सोडायला.

कूलरचं बटण मागच्याच उन्हाळ्यात तुटलेलं. पिन खुपसली की चालू, काढली की बंद. आणि बोर्ड असा ढिला की कूलरची पिन ओढली की मशीनही बंद पडायचं.

"आधी बंद कर," मी म्हटलं.

"बोर्ड हलला तर मशीन जाईल आजी. आत्ता तिघांचं चित्र माझ्यावरून चाललंय, ते तुटतील."

"तुटू दे की."

"असं कसं! लाइनीत उभं राहायचं आन् घमेलं सोडून द्यायचं का?"

माझंच घमेलं तिनं माझ्या तोंडावर मारलं. नळी कूलरमध्ये घातली आणि आधाराला दुसरा हात पत्र्यावर ठेवला.

पुढचं सांगितलं आहे.

वायर ओढून झाल्यावर मी खाली उतरले. पाण्यात पाय ठेवला, काही झालं नाही. नातीचे डोळे अर्धे उघडे होते, पांढरं दिसत होतं. नाकाखाली बोट धरलं तर कळेना. घशातून घरघर येत होती, तीही मधेच थांबायची. तिचा तळहात काळा पडला होता. मी हाका मारल्या, गाल चोळले. मग दारात जाऊन ओरडले. गल्लीत मोटारींचा आवाज, कुणाला काय ऐकू जाणार. फेकलेली काठी उचलून मी गेट बडवलं. पलीकडच्या गच्चीवरची बाई ड्रमात बघत होती, तिनं मान वर केली नाही.

समोरच्या शेजारणीचं आणि माझं जमत नाही. तिची मोटार मोठी आहे, अख्ख्या गल्लीचं पाणी ओढते, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. त्या मोटारीचं बटण तिच्या ओट्याच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूला आहे. मी गल्ली ओलांडली आणि ते बंद केलं.

ती बाहेर यायला एक श्वासही लागला नाही. साडीचा ओचा खोचलेला, हातात तांब्या.

"कुणाचे हात झडले गं? कोणं बंद केली मोटार?"

"मी केली. नातीला करंट लागलाय. आत पडलीये. श्वास धड नाय."

तिचं तोंड शिवी द्यायला उघडलं होतं ते तसंच राहिलं. मग ती आत वळून ओरडली, "अहो उठा! रिक्षा काढा! मेलंय का घरात कुणी, उठा!" तिचा नवरा रिक्षा चालवतो, जेवून झोपला होता. बनियनवर आला. माझ्या घरात शिरून शेजारणीनं नातीला कुशीवर केलं, तोंडात बोट घालून जीभ पुढं ओढली. तिच्या नवऱ्यानं पोरीला उचललं. रिक्षात नातीचं डोकं शेजारणीच्या मांडीवर, पाय माझ्या. क्रांती चौकाच्या सिग्नलला तो थांबला नाही. एका पोलिसानं शिट्टी मारली, शेजारणीनं बाहेर तोंड काढून त्याला काय सांगितलं ते मी इथं लिहीत नाही.

दवाखान्यात तिला आत नेलं. एक डॉक्टरीण बाहेर आली. तरुण होती, बोलायला सरळ. म्हणाली, "श्वास चालू आहे. पण हृदयाचे ठोके मधेमधे चुकताहेत. डोक्यालाही मार आहे. उद्या सकाळपर्यंत मी काही सांगणार नाही." मला असं बोललेलं आवडतं. मुलगा आणि सून आले. सून भिंतीला टेकून खाली बसली. मुलगा वायर कशी होती, बोर्ड कसा होता, पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. मी म्हटलं, नंतर विचार.

दिवस कलला तेव्हा बुरख्यातली एक बाई आली. चाळिशीची असेल, चष्मा, चपला चिखलानं भरलेल्या. ती सगळ्या बाकांवरून नजर फिरवत माझ्यापाशी थांबली.

"दादी? निले गेट वाले?"

"व्हय. तुम्ही कोण?"

"मैं सुरई."

मी तिला खालून वर बघितलं. "तुमीच का त्या कुजकं लिवणाऱ्या?"

"हौ, मैच." ती माझ्या शेजारी बसली. "पोट्टी कैसी है?"

"सकाळी सांगणार म्हणं."

ती गुलमंडीत लेस आणि जरीचं दुकान सांभाळते. मीटिंग दुकानातूनच करते, समोर गिऱ्हाईक असतं म्हणून बोलत नाही, लिहिते. दिल्लीचा बुवा तो हाच. स्क्रीन काळी झाल्यावर काय झालं ते तिनंच मला सांगितलं. मीटिंग बंद पडली नाही. आमच्या घरावरून ज्या तिघांची चित्रं जात होती ती जरा थरथरली आणि लगेच दुसऱ्या वाटेनं आली.

"तुटले नाय ते?"

"नै जी. एक दम में आ गए."

म्हणजे पोरीनं बोर्ड हलवला असता तरी चाललं असतं. मला राग आला. कुणाचा यायला हवा ते कळेना, म्हणून तो तसाच राहिला.

मग म्हणे सगळे एकदम बोलायला लागले. मांजरवाली रडत होती. टकला म्हणाला पोलिसांना फोन करा. कुठल्या पोलिसांना? कुणाला नातीचं नाव ठाऊक नव्हतं. एकानं विचारलं, मीटिंगच्या मालकाकडं तिचा पत्ता असेल, त्याला विचारा. मालक असता तर विचारला असता. तेव्हा सुरईला माझं टाकी, विहार, निळं गेट आठवलं. ती त्या मंडळीत पहिल्यांदा तोंडानं बोलली, "मैं जाती," आणि शटर ओढून निघाली. आमच्या घरी पोचली तर दार सताड उघडं, आत तळं साचलेलं, नळ चालू. गल्लीतल्या बायांनी दवाखाना सांगितला.

"मग इतका उशीर?"

"पानी आ रहा था दादी. तुमारे दोनों ड्रम आधेच भरे थे. भरी, फिर आई."

मी मान हलवली. कुणीही भरलं असतं.

"आन् मत? काठाचं काय झालं?"

तिनं चष्मा काढून पुसला. "वोट तो पैलेच डाल दी थी. खिलाफ. डाला हुआ बदलता नै. वो टैम पे खुद बंद हो जाता, किसी के कहने पे रुकता नै."

"मंजी पडली नक्षी."

"पड़ गई. कोयरी की गर्दन ढीली है दादी. ये लेटी है इसलिए अच्छी बोलूं क्या?"

"नका बोलू," मी म्हटलं. खरं सांगायचं तर ती बाई मला तिथं आवडली. माझ्या सुनेला आवडली नाही. तिनं तोंड फिरवलं.

सुरई उठली, सकाळी येते म्हणाली आणि आली. तिच्याआधी डॉक्टरीण आली होती. ठोके जागेवर आले होते. नातीनं डोळे उघडून आधी आईला ओळखलं, मग मला. ओठ फुटलेले, आवाज नव्हता. मी कान जवळ नेला.

"मीटिंग तुटली का?"

"नाय. तुझ्यावाचून चालू राहिली."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं परत काही झालं, पण ती नुसती दमली होती. नक्षीचं मी सांगितलं नाही. ते सांगायला सुरई दारात उभीच होती.

कूलर भंगारात गेला. नातीच्या उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण वळत नाहीत, ती आता डाव्या हातानं काढायला शिकते आहे आणि चिडचिड करते. त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. दोघीही जिवंत आहोत.